सुडाला शाल-श्रीफळ

बापाच्या खुनाचा सूड घ्यायचा, हे हर्षलनं बापाच्या तेराव्यालाच ठरवलं होतं. राहिला होता तो फक्त मुहूर्त. आधी प्राध्यापकपदाची परीक्षा आडवी आली, मग पेपर तपासणी, मग पित्ताचा त्रास. बुलढाण्याच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचा. पोरांना शोकांतिका समजावताना एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं की हे सगळं तर आपल्याच घरी घडलंय. बाप गेलेला, काका माजलेला, आई गप्प आणि नायक उच्चशिक्षित. राजवाड्याच्या जागी विहीर होती, एवढाच काय तो फरक.

देऊळघाटाच्या अलीकडच्या त्यांच्या गावात ही विहीर उकंडराव आणि शालिग्राम या दोघा भावांच्या सामाईकीत होती. एक दिवस याच्या वांग्यांना पाणी, एक दिवस त्याच्या. मोटारीच्या वायरचा जोड जळाला म्हणून थोरला उकंडराव विहिरीत उतरला आणि धाकटा शालिग्राम वर बटनापाशी बसला. उकंडराव बाहेर आल्याशिवाय बटन दाबायचं नाही, असं ठरलं होतं. उकंडराव बाहेर आलाच नाही. "चुकून हात लागला," असं सांगत शालिग्राम चार गावं ऐकतील एवढ्यानं रडला. पुढच्या आठवड्यात तो वहिनीला म्हणाला, "वहिनी, तुमी बाईमानूस, पान्याच्या भानगडीत कुठं पडता?" आणि दोन्ही दिवसांचं पाणी त्याच्याच वांग्यांना जाऊ लागलं.

शोकांतिकेला भूत लागतं. गावाच्या फाट्यावर तेही टांगलेलं होतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा तो फ्लेक्स शालिग्रामनंच लावला होता. त्यात उकंडराव पासपोर्टच्या फोटोएवढे होते आणि शोकाकुल शालिग्राम कमरेपर्यंत, हात जोडून, गॉगल लावून. उन्हापावसानं उकंडरावांचा रंग उडाला, गॉगल मात्र तसाच काळाभोर राहिला. संध्याकाळी हर्षल एसटीतून उतरला की वाऱ्यानं फ्लेक्स फडफडायचा आणि त्याला वाटायचं, बाप विचारतोय, "काय झालं बे?"

"दिवाळीनंतर, बाबा," हर्षल मनात म्हणायचा आणि खालमानेनं घराकडे वळायचा.

आई, सुभद्राबाई, काहीच विचारायची नाही. ती फक्त एक करायची. शालिग्रामच्या घरून काही आलं, अगदी सणाची पुरणपोळी जरी आली, तरी ती सरळ म्हशीपुढे टाकायची.

विचारायची ती डिंपल. देऊळघाटात तिचं ब्यूटी पार्लर होतं आणि हर्षलशी लग्न करायची तिची तयारी होती, पण सूड संपल्यावर.

"पुरावा पाहिजे ना," हर्षल म्हणाला. "हात चुकून लागला का मुद्दाम, हे कसं कळणार?"

"त्याले इचार."

"असं थेट विचारत नसतात. त्याच्या अंतर्मनाला साद घालावी लागते."

"घाल मंग साद. पन लवकर घाल. मह्या घरी जालन्याचे पाहुणे येऊन राह्यले."

हर्षलनं नाटक लिहिलं. नवरात्र मंडळासाठी, दोन अंकी, 'सख्खा वैरी'. एक भाऊ विहिरीत उतरतो, दुसरा वरून बटन दाबतो. पुठ्ठ्याच्या डब्याला बाटलीचं लाल झाकण चिकटवून बटन तयार झालं. बेत असा, की तो प्रसंग पाहून काकाचा चेहरा उतरेल, तो उठेल, आणि सगळ्या गावादेखत गुन्हा उघडा पडेल. या बेतात खोट नव्हती. खोट असली तर गावात होती.

प्रयोगाला शालिग्राम पहिल्या रांगेत, गॉगल लावूनच बसला. हर्षल पडद्याच्या फटीतून त्याच्याकडे बघत होता. रंगमंचावरच्या दुष्ट भावानं लाल झाकणाकडे बोट नेलं. शालिग्रामनं गॉगल काढला. घाम पुसला. आणि उठला.

"उठला!" हर्षल इतक्या जोरात कुजबुजला की विहिरीतल्या नटानं वर पाहिलं.

पण या गावात चालू नाटकात माणूस उठला, तर त्याचा एकच अर्थ होतो. त्याला बक्षीस द्यायचंय.

"थांबा, थांबा!" माईकवाला कचरू ओरडला. "शालिग्रामभाऊ उठले! नाटक थांबवा!"

नाटक थांबलं. नुकताच मेलेला भाऊ विहिरीतून उठून हात जोडून उभा राहिला. शालिग्राम दाराकडे निघाला होता, त्याला दोघांनी प्रेमानं धरून रंगमंचावर चढवलं. त्यानं खिशात हात घालून जे आलं ते कचरूच्या हातात कोंबलं. कचरूनं बदल्यात त्याच्या हातात माईक दिला.

शालिग्रामनं पुठ्ठ्याच्या डब्याकडे पाहिलं. समोर सगळा गाव. त्यानं माईक तोंडाशी नेला.

"हे नाटक नाही हो," तो म्हणाला. "हे मह्या घरचंच हाय. मह्याच हातानं महा भाऊ गेला. चुकून गेला, पन गेला..."

हर्षलनं पडद्याची फट आणखी रुंद केली. हाच तो क्षण. आता गाव खवळणार.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. "याले म्हनतात मोठं मन!" कोणीतरी ओरडलं. कचरूनं माईक ओढून घेतला. "येवढ्या दिलदार मानसाचा सत्कार झालाच पाहिजे! आन् तो आपल्या लेखकाच्याच हस्ते!"

शाल आली. श्रीफळही आलं. हर्षलच्या डोक्यात निषेधाचं एक उत्तम वाक्य तयार होत होतं, पण ते पूर्ण होईपर्यंत शाल काकाच्या खांद्यावर पडली होती. ती एका बाजूनं घसरली, तेव्हा हर्षलनंच ती नीट केली. फोटो त्याच घडीला निघाला.

दुसऱ्याच दिवशी फाट्यावर, जुन्या फ्लेक्सच्या वरून नवा फ्लेक्स लागला. 'दिलदार व्यक्तिमत्त्व'. काका शालीत आणि पुतण्या शाल सावरताना. भूत फडफडायचंही बंद झालं.

डिंपलनं तो फोटो मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, 'साद चांगली घातली. जालन्याचे पाहुणे रविवारी आहेत.'

आईनं मात्र पहिल्यांदाच विचारलं, "काय म्हनला तो माईकवर?"

"कबूल केलं. चुकून झालं म्हणे."

"मंग लोकं?"

"टाळ्या."

सुभद्राबाई भाकर थापायची थांबली. मग पुन्हा थापू लागली.

त्या दुपारी शालिग्राम स्वतः दारात आला, खांद्यावर शाल. "चाल बे हर्षल. वायरचा जोड पुन्हा जळाला. मी उतरतो, तू बटनापाशी बस. आता आपल्या दोघात काही राह्यलं नाही."

टाळ्या मिळालेला माणूस किती निर्धास्त होतो, हे हर्षलनं तेव्हा पाहिलं. शाल काठावर घडी घालून ठेवून काका पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला. हर्षल बटनापुढे बसला. खरं बटन, खरं लाल. शोकांतिकेचा पाचवा अंक आयताच चालून आला होता. दाबावं, तर आपण आणि काका यांच्यात फरक काय? न दाबावं, तर आपण आणि कालचे टाळ्या वाजवणारे यांच्यात फरक काय? दोन्ही प्रश्न इतके सुंदर होते की तो त्यांच्यातच रमला.

"सरक," मागून आई म्हणाली.

तो सरकला. सुभद्राबाई बटनापाशी बसली आणि विहिरीत वाकून म्हणाली, "भाऊजी, आता मी बसली हाय हो इथं."

खालचा पक्कडीचा आवाज थांबला.

"वहिनी? हर्षल कुठी गेला?"

"हाय इथंच. इचार करून राह्यला. भाऊजी, त्या दिवशी चुकून हात लागला व्हता ना?"

"हो... हो ना वहिनी. कालच सांगलं मी साऱ्याईले."

"मंग महाही हात चुकून लागू शकते. बाईमानूस हाय मी."

विहिरीत पाणी खळबळलं. काका पायरी शोधत होता आणि पाय घसरत होता.

"वहिनी, हात काढा! पाया पडतो तुमच्या! चुकून नव्हता... तो जोड बांधूनच राह्यला व्हता, मले दिसत व्हतं. वरून दिसते सारं. दाबलं मी! पान्यासाठी दाबलं, वहिनी!"

त्या आवाजाला माईक नव्हता. तरी तो शेजारच्या वावरापर्यंत गेला. तिथं वांगी तोडणाऱ्या चार बाया पाटीसकट उभ्या राहिल्या. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

सुभद्राबाईनं मूठ उघडली. मुठीत फ्यूज होता. हर्षल बटनाकडे टक लावून बसलेला असताना तिनं मागच्या पेटीतून तो काढून घेतला होता.

"पोलीस पाटलाले फोन लाव," ती म्हणाली.

हर्षलनं मोबाईल काढला. सगळ्या शोकांतिकेत नायकाच्या वाट्याला आलेली ही एकच कृती. तीही त्यानं विचारून केली.

"काय सांगू?"

"सांग, भाऊजी विहिरीत हाय, आन् वर यायले तयार नाही," सुभद्राबाई म्हणाली. मग तिनं काठावरची शाल उचलून त्याच्याकडे फेकली. "आन् हे जाता जाता म्हशीच्या अंगावर टाक."