बारावं पान

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, कामगारांचे पुढारी होते. त्यांच्या विचारांची पुस्तिका त्याने सात वेळा छापली होती. बंदीच्या काळात बाराव्या पानाचे जुळवलेले खिळे सुतळीने बांधून त्याने पिठाच्या डब्यात लपवले, आणि त्याच पानापायी दोन वर्षं तुरुंगात काढली. पण हूं की चूं केलं नाही. दाजींचा शब्द त्याला देवाच्या जागी होता.

आता दाजींचं राज्य आलं होतं. ते स्वतः छापखान्यात आले आणि मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "नवी आवृत्ती काढ. तेवढं बारावं पान गाळ."

"दाजी, 'कामगारांनी निवडलेल्या पुढाऱ्याला कामगारच खाली उतरवतील,' तेच ना ते?"

"तेव्हा खुर्चीत दुसरे होते रे."

"आणि माझी दोन वर्षं?"

"बहिणीसारखाच हळवा तू!" दाजी हसत गाडीत बसले.

जुळाऱ्याने सुतळी सोडली. एकेक खिळा कप्प्यात परत टाकताना, घरचं माणूस स्मशानात पोचवून यावं तसा त्याचा जीव तुटत होता. पान मोडलं, पण पुढच्या पानांचे आकडे त्याने बदलले नाहीत.

पुस्तिका बाहेर पडली. अकरानंतर थेट तेरा. दुसऱ्याच दिवशी कारखान्यातले कामगार दारात हजर. "मामा, बारावं पान खाल्लंत की काय?"

"मी कशाला खाऊ?" डोळे पुसत जुळारी म्हणाला. "आमच्या दाजींना विचारा."