लाटण्याचे दोन ठोके

गणपतीच्या आधी मंदाकिनीबाईंचं पत्र आलं आणि संक्रांत उलटली तरी मी उत्तर दिलं नव्हतं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोनचा उपयोग नाही. त्यांनी विचारलं होतं, ‘नाना, आपल्याकडचे कारखाने जाणार का हो? मुकुल ब्लॉक विकू म्हणतो. तुम्ही रोज पेपर वाचता. तुम्ही सांगाल तसं करीन.’

डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचे ब्लॉक भिंतीला भिंत लावून आहेत. एका कारखान्यातल्या स्फोटाने काचा फुटल्या, तेव्हा मुकुल आईला ठाण्याला, कोपरीत आपल्या घरी घेऊन गेला. त्याआधी कित्येक वर्षं आमची एक रीत होती. मला वास येत नाही, नाक कधीच गेलं. हवेत केमिकलचा वास आला की मंदाकिनीबाई भिंतीवर लाटण्याने दोन ठोके द्यायच्या आणि मी खिडक्या लावायचो.

मला बिनचूक उत्तर द्यायचं होतं, म्हणून कात्रणं जमवत बसलो. राज्य सरकार म्हणालं, धोकादायक कारखाने हलवणार. जागा दाखवली, तर पर्यावरणाची परवानगी केंद्राकडे अडकली. दिल्ली म्हणे, प्रस्ताव अपुरा आहे. मुंबई म्हणे, सगळं पाठवलंय. कामगार विचारत, आमच्या नोकऱ्यांचं काय, आणि तेही मला पटे. एका बातमीवरून मी पत्र सुरू करी आणि पुढच्या बातमीने फाडून टाकी.

परवा मुकुल गिऱ्हाईक घेऊन आला. त्यांच्या ब्लॉकची किल्ली माझ्याकडे असते. दारातच त्याने नाकाला रुमाल लावला. इतका वास मारत असताना माझ्या खिडक्या सताड उघड्या कशा, म्हणून रागावला आणि स्वतःच त्या लावल्या. गिऱ्हाईक जिन्यातूनच परत गेलं.

“दुसरं मिळेल,” मुकुल म्हणाला. “पण आई सहीच करत नाही. नानांचं पत्र येऊ दे म्हणते. आणि परवा कोपरीत शेजारी कुणाची भाजी करपली, तर हिने त्यांच्या भिंतीवर लाटणं आपटलं. शेजारीण भांडायला आली. नाना, काहीतरी लिहा हो. हो किंवा नाही.”

तो गेल्यावर कात्रणं बाजूला सारून लिहिलं: ‘कारखाने जातील की नाही, मला माहीत नाही. मुंबईला आणि दिल्लीलाही माहीत नसावं. इथली हवा वाईट आहे, हे मुकुलचं खरं. तब्येतीला कोपरीच बरी. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ब्लॉक विकू नये असं मला वाटतं. याचं कारण पेपरात नाही. भिंतीपलीकडे तुम्ही नसलात की मला करमत नाही.’

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. खाडाखोड बरी दिसणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि पाकीट चिकटवलं.

पोस्टाच्या पेटीशी पाकीट धरलेला हात तसाच राहिला. मागे एक बाई उभी होती.

“आजोबा, टाका की,” ती म्हणाली.

टाकलं.