दारातली बादली

इस्पितळाच्या साहेबांनो, खोलीतलं बेसिन तुम्ही उखडलंत. त्या जागी एक जादा खाट घुसवलीत आणि तिच्या उशाशी ‘हात धुवा’ असं रंगीत चित्र डकवलंत. हाताला चोळायच्या औषधाची बाटली आठवडा आठवडा रिकामी लटकते. आणि शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याची जखम चिघळली, तेव्हा खापर कुणावर फोडलंत? भेटायला येणाऱ्यांवर. “हे माओरी लोक सगळा गोतावळा घेऊन येतात,” म्हणालात.

रिरिपेती आजीनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. तिचा नातू पाओरा घोड्यावरून पडलेला. मांडीचं हाड धातूची पट्टी घालून जोडलंय, टाके अजून ओले. जखमेत पू झाला तर पाय वाचेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते.

आजीनं घरून तोटीची बादली आणली, साबण आणला, दोन्ही दारात स्टुलावर मांडलं. हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही!

दुपारी तिची नणंद माकारेता ऑकलंडहून आली. दारात पाणी बघितलं आणि तिनं तिथेच हंबरडा फोडला. आमच्या माओरींत असं पाणी दफनभूमीच्या फाटकाशी असतं, मेलेल्याला पोचवून निघताना हात धुवायला.

“पाओरा, माझ्या राजा! आत्याआजीची वाटसुद्धा नाही रे पाहिलीस!”

“गप गं बये!” रिरिपेती खेकसली. “जिवंत आहे तो. आइस्क्रीम चाटतोय आत.”

“मग हे अभद्र पाणी इथे कशाला, वहिनी?”

“मेलेल्याकडून निघताना न चुकता धुतेस. जित्याकडे जाताना हात झिजतात का तुझे? धू. आणि मुके घ्यायचे असतील तर तोंडही धू.”

“जिभेला हाड म्हणून नाही तुमच्या,” म्हणत माकारेता नाक ओढत साबण चोळू लागली.

तेवढ्यात सर्जन लॉसन आला. शेजारच्या म्हाताऱ्याची पट्टी सोडून बघून थेट इकडेच. आजीनं दारात हात आडवा घातला.

“आजी, सरका. मी डॉक्टर आहे.”

“असशील. हात धू.”

“आत हातमोजे घालणारच आहे मी.”

“घाल की. धुवून घाल.”

“मला रडवलंय वहिनींनी, डॉक्टर,” माकारेता म्हणाली, “तिथे तुमची काय कथा!”

लॉसननं बाह्या वर केल्या. धुता धुता पुटपुटला, “बेसिन परत बसवा म्हणून मीही सांगितलं होतं.”

“असंच पुटपुटत सांगितलंस का?”

लॉसननं साबण पुन्हा उचलला.

संध्याकाळी तुमचा माणूस आला. म्हणे पाण्यावरून कुणीतरी घसरेल, बादली उचला. आजीनं खुर्ची ओढली आणि बादलीला खेटून बसली.

“बेसिन कधी बसवताय?”

“वर विचारावं लागेल.”

“जा, विचार. पोराचा पाय आहे इथे. मी उठत नाही.”

तो गेला तो परत फिरकला नाही. आजी दारातच आहे, आणि रिकामी झाली की बादली माकारेता भरून आणते. आता वर कोण बसलंय त्यानं खाली यावं, हात धुवावेत आणि तिच्यासमोर उभं राहून सांगावं: बेसिन कधी?