राखीव खेळाडूची आई

“भित्रा आहे तो माणूस. असेना का. पण स्वतःच्या भीतीपायी त्याने दुसऱ्याची दोन वर्षं खाऊ नयेत,” माधवी म्हणाली आणि घडीच्या खुर्चीचे पाय चिखलात दाबून रोवले. तिचं बोट मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या कोचवर रोखलेलं होतं.

उल्हासने आजूबाजूला पाहिलं. साठ-सत्तर माणसं होती, आणि मराठी कळणारं त्यात दुसरं कोणी नव्हतं.

“वहिनी, हळू बोला.”

“का? त्याला मराठी येतं?”

“मराठी नाही येत, पण बोट समजतं ना बाप्पा.”

माधवीने बोट खाली घेतलं, पण नजर हलवली नाही. कोचच्या शेजारी तिचा वेदांत उभा होता. अंगावर सगळा जामानिमा, खांद्यांवर पॅड, काखेत हेल्मेट, आणि हातात डावांचे कागद लावलेली पाटी. सगळा खेळ चिखलात लोळत होता आणि त्याची पांढरी पँट सकाळी तिने ड्रायरमधून काढली तशीच पांढरी होती.

इथे आयर्लंडमध्ये फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सॉकर आणि गेलिक हे दोन खेळ येतात, आणि हा तिसरा, हेल्मेटवाला, अमेरिकेचा, त्यांतला नव्हे. खुद्द आयरिश माणसंही त्याला हसतात. पण वेदांतच्या कॉलेजचा क्लब डब्लिनमधल्या सँट्रीजवळच्या या मैदानावर विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी खेळत होता आणि निदान या साठ-सत्तर माणसांना आज हसू येत नव्हतं. वेदांत संघाचा दुसरा क्वार्टरबॅक. ज्याच्या हातातून प्रत्येक डाव सुटतो, कुणाकडे फेकायचं ते जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. संघात तो एकच खेळतो, आणि तो होता किलियन. दुसरा वाट पाहतो. वेदांत दोन वर्षं वाट पाहत होता. मैदानात जायचा तो फक्त चेंडूला लाथ मारायची वेळ आली की. तेव्हा गुडघ्यावर बसून तो चेंडू उभा धरायचा आणि दुसरंच पोरगं लाथ मारायचं. टाळ्या लाथेला.

हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. आज हरले तर संपलं. आणि आज सहा गुणांनी मागे होते.

तिचा नवरा उपेंद्र ऑफिसात अडकला होता. तिथलं काहीतरी शनिवारीच बंद पडलं होतं, आणि दर दहा मिनिटांनी त्याचा ‘स्कोअर?’ असा मेसेज येत होता. माधवी उत्तर देत नव्हती. त्याला एकदा ‘डाऊन’ म्हणजे काय हे समजावताना तिचा रविवार गेला होता. दहा यार्ड जायला चार संधी, इतकंच तर आहे. ती स्वतः ऑफिसच्या बसमध्ये व्हिडिओ बघून बघून शिकली होती. कुठल्या रांगेतलं पोरगं कधी वळणार हे आता तिला त्याच्या पायांवरून कळायचं.

“गुरुवारी तुमच्या त्या क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदान घेतलं,” ती उल्हासला म्हणाली. “किलियनचा घोटा दुखतोय, त्याला काही झालं तर वेदांतवर भरवसा आहे का? बावन्न नाही. अकरा हो.”

“लोक काय, काहीही दाबतात.”

“तुम्ही काय दाबलंत?”

उल्हासने चष्मा काढून पुसायला घेतला. तो उपेंद्रचा नागपूरपासूनचा मित्र. वेदांतला त्याने खांद्यावर बसवून विमानं दाखवली होती.

“मी नाही दिलं मत.”

“कुणी काय दाबलं ते दिसतं, भावजी.”

“मंग खरं सांगू का?” उल्हासने चष्मा परत लावला. “मी ‘नाही’ दाबलं, कारण मला भीती वाटते. किलियनने चेंडू घालवला तर म्हणतील बॅड लक. आपल्या पोराने घालवला तर म्हणतील, कुणी सांगितलं होतं याला खेळवायला. त्याच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून दाबलं. प्रेमाने दाबलं.”

“तुमचं प्रेम तुमच्यापाशी ठेवा.”

पलीकडच्या खुर्चीत डेक्लन बसला होता. आयुष्यभर डब्लिनच्या बस चालवून निवृत्त झालेला म्हातारा, नातू बचावाच्या फळीत खेळायचा म्हणून येई. या दोघांचं काय चाललंय ते त्याला ‘वेदांत’ आणि ‘किलियन’ एवढ्या दोन शब्दांवरून बरोबर कळलं होतं.

“हात चांगला आहे तुमच्या पोराचा,” तो म्हणाला. “सरावाला पाहिलाय मी. पण ऑक्टोबरपासून एक डाव देत नाही कोच. एक डाव! माणूस काही मूर्ख नाही. त्याला नक्की काहीतरी माहीत असणार, जे आपल्याला नाही.”

“काय माहीत असणार?” माधवी इंग्रजीत गरजली.

डेक्लनने खांदे उडवले. “तेच तर. कोणी बोलत नाही.”

माधवीच्या ओठांवर सगळं आलं होतं. तिला सांगायचं होतं की जानेवारीपासून दर रविवारी सकाळी पार्कात त्याचे चेंडू मी झेलतेय. मी, वय एकोणपन्नास, गुडघा दुखरा. त्याचा हात कसा आहे हे तुमच्या कोचपेक्षा माझे तळवे सांगतील.  पण स्वतःच्या पोराचं स्वतः कौतुक करायचं नाही, हे तिच्या हाडात होतं. लेकराच्या गालाला तीट लावतात तशी ती जिभेने तीट लावायची. लीव्हिंग सर्टला, म्हणजे इथल्या बारावीला, त्याला सहाशे तेरा पॉइंट मिळाले तेव्हा पुण्याहून आलेल्या प्रत्येक फोनला तिने “हो, झालं काहीतरी, अभ्यास कुठे करतो” असंच सांगितलं होतं. फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच हसली होती.

किलियनची आई नोरीन खुर्च्यांमधून बिस्किटांचा डबा फिरवत आली. “माधवी, वेदांत अंग गरम करताना काय सुंदर फेकत होता! सरळ रेषेत!”

“छे गं,” माधवीच्या तोंडून आपसूक गेलं. “एखादा बरा पडतो. आळशी आहे तो. तुझ्या किलियनची सर कुठे त्याला!”

उल्हासने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती बिस्किट निवडत होती.

तेवढ्यात मैदानावरून आवाज आला. ओरडण्याचा नव्हे, एकदम सगळे गप्प झाल्याचा. ढिगाऱ्यातली पोरं एकेक करून उठली आणि शेवटी खाली एकटा किलियन राहिला, दोन्ही हातांनी घोटा धरून. नोरीनच्या हातातला डबा माधवीने घेतला, आणि नोरीन पळाली.

पंचांनी खेळ थांबवला. किलियनला दोघांनी उचलून कडेच्या बाकावर आणलं. बूट काढला, बर्फ आला. आठ मिनिटं उरली होती, चेंडू आपला होता, आणि सगळ्या साठ-सत्तर माणसांनी एकाच वेळी वेदांतकडे पाहिलं. त्याने हेल्मेट डोक्यात घातलं होतं.

कोचने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने लिअमला हाक मारली. लिअम पळणारा गडी, फेकता येत नाही त्याला. कोच हातवारे करून त्याला समजावू लागला: चेंडू घे आणि पळ.

“अरे देवा,” डेक्लन म्हणाला. “शेंबड्या पोराला कळेल की हा फेकणार नाही.”

वेदांतने हेल्मेट पुन्हा काढलं. काखेत धरलं. पाटी हातात घेतली. हे सगळं त्याने इतक्या सवयीने केलं की माधवीला ते पाहवेना. तिने बिस्किटांचा डबा उल्हासच्या मांडीवर ठेवला, मैदानाच्या कडेची दोरी उचलली आणि खालून आत शिरली.

“वहिनी! अहो वहिनी, तसं नसतं करायचं इथे!”

ती मैदान ओलांडून गेली. पंचांनी अडवलं नाही. त्यांना ती किलियनकडे धावलेली दुसरी आई वाटली असावी.

कोच चाळिशीचा होता, आठवडाभर घरांत वायरिंग करायचा आणि शनिवार-रविवार फुकट इथे घालवायचा. माधवी त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा त्याने तिला ओळखून मान हलवली.

“माझ्या मुलाचा दोष काय?” तिने इंग्रजीत विचारलं. “एकच सांगा. रंग? नाव? की आम्ही इथले नाही म्हणून? जे असेल ते तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन.”

कोचचा चेहरा लाल झाला. रागाने नव्हे, कुणीतरी थोबाडीत मारावी तसा.

“खांदा,” तो म्हणाला.

“खांदा सप्टेंबरात दुखावला होता. ऑक्टोबरात बरा झाला.”

“तो तेच म्हणतो. दर आठवड्याला म्हणतो. ग्रँड आहे, एकदम ठीक आहे. सगळी पोरं खोटं बोलतात, बाई. मोडक्या हाताने खेळायला येतात. म्हणून मी पोरांना विचारत नाही, त्यांच्या आयांना विचारतो.” त्याने आवाज खाली घेतला. “ऑक्टोबरात मी तुम्हाला विचारलं होतं. क्लबच्या खोलीत, चहा घेताना. म्हटलं, वेदांत पहिल्यासारखा झाला का? झेपेल का त्याला? तुम्ही म्हणालात, नाही, नाही, कुठला झेपतोय, अजून खूप वेळ आहे. त्यानंतर दोनदा विचारलं. दोनदा तेच. त्याच्या आईपेक्षा जास्त मला काय कळणार होतं? खांद्याचं काय बिनसलंय ते तुम्ही लाजेने उघड सांगत नाही एवढं मी समजलो, आणि कुणाला सांगितलं नाही.”

माधवीला ती खोली आठवली. किटलीची वाफ. शेजारी नोरीन उभी होती, समोर दोन आया आणखी. कोचने विचारलं होतं आणि तिने हसून हात उडवला होता. किती सहज. घरी येऊन उपेंद्रला तिने सांगितलंसुद्धा होतं, कोचने आज मुद्दाम वेदांतची चौकशी केली म्हणून. किती खूश होती ती त्या दिवशी.

डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेलं. 

विमान गेलं तेव्हा वेदांत तिच्याकडे पाहत होता. तो दोन पावलांवर होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“यू सेड दॅट?” तो म्हणाला. डब्लिनचं इंग्रजी, तरी आवाज अगदी त्याच्या बाबाचा. “तीन वेळा?”

“अरे, आपल्यात तसं म्हणतात. आपणच आपल्या मुलाला...”  मराठीत जे सांगावंही लागलं नसतं, ते आता कुठल्याच भाषेत सांगता येत नव्हतं.

 वेदांत चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पाटीवरच्या कागदांच्या कडा सरळ करत राहिला.

पंचांनी लांबून हात वर केला. कोचने लिअमच्या खांद्यावर थाप मारली.

“थांबा,” माधवी म्हणाली.

बाकावर किलियन होता. नोरीन त्याच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बर्फाची पिशवी घोट्यावर धरून बसली होती, हातभर अंतरावर. माधवीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग कोचकडे तोंड केलं आणि दोरीपलीकडच्या डेक्लनलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागली.

“मी तेव्हा खोटं बोलले. त्याचा खांदा उत्तम आहे. जानेवारीपासून दर रविवारी त्याचे चेंडू मी झेलते. मी पळते ती अशी, लंगडत. आणि हा माझे हात जिथे आहेत तिथे फेकत नाही, जिथे पोचणार आहेत तिथे फेकतो. एका लंगड्या बाईचे हात कुठे पोचणार हे ज्याला कळतं, त्याला तुमच्या या पोरांचे कळणार नाहीत? तुमच्या पाटीवरचे सगळे डाव त्याला पाठ आहेत. झोपेत बडबडतो. समोरचा तो उंच बचाववाला डावीकडे झुकतो, हे त्याने मला नाश्त्यालाच सांगितलं होतं. दोन वर्षं त्याने पाटी धरली, एकदा तोंड वाकडं केलं नाही. माझा मुलगा चांगला आहे.” तिने श्वास घेतला. “तुमच्याकडे असलेल्यांत सगळ्यात चांगला आहे. किलियनपेक्षासुद्धा.”

नोरीनचा बर्फावरचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही.

माधवीचे कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांत असं बोलली होती, आणि परत घ्यावं असं त्यातलं एकही अक्षर तिला सापडत नव्हतं. वेदांत मान खाली घालून उभा होता, लहानपणी सगळ्यांदेखत भांग पाडला की उभा राहायचा तसा. पण कागदांशी चाललेला चाळा थांबला होता.

बाकावरून किलियनने हात लांब केला. वेदांतच्या हातातली पाटी ओढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

पंचांनी शिट्टी वाजवली. लिअम एकदा कोचकडे, एकदा वेदांतकडे पाहत मध्येच उभा राहिला. कोचने टोपी काढून केसांतून हात फिरवला.

“बाई, तुम्ही तेव्हा एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय. मी कुठलं धरू?”

“तेव्हा मी चारचौघांना बरं वाटावं म्हणून बोलले,” माधवी म्हणाली. जागची हलली नाही. “आता खरं बोलले. तुम्ही तीनदा विचारलंत, मी एकदाच विचारते. उभा करताय की नाही माझ्या मुलाला?”