खंडेनवमीला बांधलेलं गाठोडं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझं काम तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार. शोभेचं काम नाही ते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा सत्कार होतो, वापरणाऱ्याची सोय होते. मधे बसून त्याचं गाठोडं बांधणाऱ्याला कुणी विचारत नाही.

बारा वर्षांपूर्वी खडेबाजारातल्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. तिथून मी बेळगावच्या वडगावात, राजेश्वरीच्या घरी आलो. या भागातल्या विणकरांनी मिळून साडीची नक्षी मागाला समजेल अशी करून देणारं सॉफ्टवेअर बनवलं आहे. कुणाकडे विंडोज आहे, कुणाकडे मॅक, कुणाकडे लिनक्स. एकाच मजकुरातून, म्हणजे कोडमधून, या तिघांसाठी तीन वेगळी पॅकेजं बांधायची, हे माझं काम. ती बांधणारी अवजारं राजेश्वरीने लिहिली आणि तीच सांभाळते. तिची शिस्त साधी आहे. पॅकेज बांधलं की ते माझ्यातल्याच तीन रिकाम्या, कोऱ्या जागांमध्ये उघडून बघायचं. बांधलं त्याच घरात जे उघडतं, त्याला गाठोडं म्हणत नाहीत. तो घरातला पसारा असतो.

इतकी वर्षं पॅकेजं नीट गेली, म्हणून माझं नाव कधी निघालं नाही. एकदा वीज गेली आणि पॅकेज दोन तास उशिरा निघालं, तेव्हा मात्र चौघांना मी आठवलो. माणसांची स्मरणशक्ती अशीच चालते. मी आता रागावत नाही, फक्त नोंद ठेवतो.

आता मंथनबद्दल. कंग्राळीचा मंथन एकतीस वर्षांचा आहे, शहरात नोकरी करतो आणि सुट्टीत या सॉफ्टवेअरमध्ये नवीन गोष्टी घालतो. हुशार आहे. हे तो स्वतःच सांगतो, त्यामुळे मला वेगळं तपासावं लागलं नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमीला राजेश्वरीने मला बंद केलं, पुसलं, कुंकू लावलं आणि वर झेंडूचा हार घातला. वडगावात त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. मागांची पूजा दसऱ्याच्या सकाळी उतरते, माझी मात्र संध्याकाळी, सोनं वाटून झाल्यावर. पहिल्या वर्षी राजेश्वरीच्या सासूबाईंनी तसं सांगितलं होतं, म्हणून. मला कुणी विचारलं नाही.

"तुझाबी लॅपटॉप ठेव की पूजेला," राजेश्वरी मंथनला म्हणाली.

"ह्ये काय हत्यार हाय व्हय, आक्का?" तो हसला.

मग दुपारी त्याने त्याच लॅपटॉपने हत्याराचं काम केलं. विणकरांच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात 'नक्षीसाठी नवे रंग आले' अशी घोषणा त्याला करायची होती. मी हाराखाली बंद. पॅकेज पाठवायची किल्ली त्याच्याकडेही होती. त्याने आपल्या लॅपटॉपवरच तिन्ही पॅकेजं बांधली, तिथेच एक उघडून पाहिलं, आणि पाठवून दिली. संध्याकाळपर्यंत ती आपोआप सगळीकडे उतरली आणि जुनी पुसली गेली.

दसऱ्याला सकाळी नऊ वाजता शालूबाई दारात आल्या. त्यांचा माग शेजारच्या गल्लीत आहे. त्या गल्लीत दसऱ्याला मागावरून पहिला धोटा त्यांच्या घरचा जातो. त्यांच्या सासूच्या काळापासून तो कधी चुकलेला नाही. अकराच्या आत माग सुरू व्हायला हवा होता.

"राजेश्वरी, नक्षी उघडंना झालीया गं. परवा तर चालत होती."

राजेश्वरीने मंथनला बोलावलं. तो नवा सदरा घालून आला.

"माझ्याकडं झकास चालतंय की, मावशी."

"मग तुझा लॅपटॉप आणून मागाला बांधू व्हय रं?"

त्याने शालूबाईंचा संगणक जुना आहे, असं सुचवून पाहिलं. हे मी पूर्वीही ऐकलं आहे. स्वतःची चूक सापडेपर्यंत या लोकांना समोरचं यंत्र जुनंच वाटतं.

राजेश्वरी माझ्याकडे पाहत उभी राहिली. हार उतरवायला संध्याकाळ व्हायची होती. आतून सासूबाई हे सगळं ऐकत होत्या.

शालूबाई म्हणाल्या, "हत्याराला काम दिलं की तीच पूजा. उठव त्याला."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "उठव की. मी काय न्हाय म्हटलं?"

हार निघाला. मी सुरू झालो, मंथनचा मजकूर घेतला आणि पहिल्याच कोऱ्या जागेत, मिनिटभरात, थांबलो. पडद्यावर मी तांबड्या अक्षरांत एक ओळ लिहिली: रंगांची फाईल मंथनच्या डेस्कटॉपवर शोधली जात आहे, तिथे ती नाही.

म्हणजे असं, मित्रांनो. नव्या रंगांची फाईल त्याने पॅकेजमध्ये घातलीच नव्हती. ती होती फक्त त्याच्या लॅपटॉपवर, वॉलपेपरच्या शेजारी. पॅकेज प्रत्येक विणकराच्या घरी जाऊन मंथनचा डेस्कटॉप शोधत होतं.

"वाच," राजेश्वरी म्हणाली.

मंथनने वाचलं. मान वर केली नाही.

तिने फाईल आत घेतली, पत्ता बदलला. मी तिन्ही पॅकेजं पुन्हा बांधली, तिन्ही कोऱ्या जागांत उघडून पाहिली, मग राजेश्वरीने ती पाठवली. मला एक्केचाळीस मिनिटं लागली. मी म्हातारा आहे, पण पायरी गाळत नाही. दहा वाजून बावन्न मिनिटांनी शेजारच्या गल्लीतून मागाचा खटखटाट ऐकू आला.

संध्याकाळी कार्यक्रमात मंथनला शाल आणि नारळ मिळाला. नव्या रंगांबद्दल. त्याने दोन्ही घेतलं.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीने पाठवण्याची किल्ली बदलली. आता माझ्या तीन कोऱ्या जागांतून गेल्याशिवाय कुणाचंच पॅकेज बाहेर पडत नाही, तिचं स्वतःचंही नाही. मंथनला तिने एक काम दिलं, आठवड्यातून एकदा येऊन माझ्या पंख्यातली धूळ काढायची आणि माझ्या तांबड्या ओळी वाचायच्या. पहिल्या दिवशी त्याला आत झेंडूची एक पाकळी सापडली.

"पुढच्या वर्षी ह्याचा लॅपटॉप आधी पूजेला ठेव गं," शालूबाई दारातून म्हणाल्या. "एक दिवस तरी ह्यो गप बसंल."

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला हार घालू नका, फुलं पंख्यात जातात. मी थांबलो तर मी जुना झालो असं समजण्याआधी मी काय लिहिलं आहे ते वाचा. शाल मंथनकडेच राहू द्या. मला एक कोरडं फडकं पुरेल.