बुडाचा पापुद्रा

"ही गोळी नव्हे, झालरीचा झगा घातलेली नवरी आहे," बाबांच्या क्लबातले व्हर्लिनकाका म्हणाले आणि साच्यातून नुकतीच पडलेली गोळी त्यांनी हातमोज्यावर फिरवून पाहिली. तिच्या बुडाभोवती शिशाचा पातळ पापुद्रा पसरला होता. सकाळपासून माझी प्रत्येक गोळी तशीच निघत होती.

बाबांच्या गॅरेजचं दार उघडं होतं. बाहेर मोंटानातला एप्रिल, म्हणजे चिखलही आणि बर्फही. दुसऱ्या दिवशी नेमबाजी क्लबचा मोसमातला पहिला सामना होता, बाबा गेल्यानंतरचाही पहिलाच. आमच्याकडची रीत अशी, की सभासद गेला की पुढच्या सामन्यात सगळ्यांनी, घरच्यांनीही, त्याच्या रायफलने एकाच कागदावर एकेक गोळी झाडायची. गोळ्याही त्याच्याच घरी, त्याच्याच साच्यात ओतलेल्या हव्यात. तो कागद मग क्लबच्या भिंतीवर कायमचा लागतो. गोळीच्या टोकाला बारीक खोट असली तर एक वेळ चालतं, पण बुडाला असली की ती भरकटते. या गोळ्यांनी बाबांच्या कागदाची चाळणी झाली असती.

मी विचारलं, शिसं फार तापलंय का? काकांनी उलट विचारलं, वरच्या पट्टीचा स्क्रू आवळलास का? आवळला होता. गोळी साच्यात उलटी, बूड वर अशी ओततात; शिसं या पट्टीतल्या भोकातून ओतायचं आणि गोठलं की पट्टी फिरवून वरचं जास्तीचं कापायचं.

"मग तुझा बाप काय करायचा ते कर."

बाबा साचा मिटून खिडकीकडे धरायचे आणि एक डोळा बारीक करून पट्टीखालून पाहायचे. मी तसं पाहिलं. पट्टी आणि साचा यांच्यामध्ये उजेडाची केसाएवढी रेघ होती. पट्टी बाजूला सारली, तर खाली शिशाचा एक चपटा ठिपका चिकटलेला. त्याच्यामुळे पट्टी नीट बसत नव्हती आणि त्या फटीत शिसं पसरत होतं.

"शिसं गोठायच्या आत पट्टी फिरवली की ते असं सारवलं जातं," काका म्हणाले.

"मी तर थांबत होते, काका."

"तू नाही गं." त्यांनी ठिपक्याकडे बोट केलं. "ऑक्टोबरात मी आलो होतो. हात कापत होता त्याचा. म्हटलं, एल्डन, घाई करतोयस. तर म्हणाला, तू गपगुमान कॉफी पी."

त्यानंतर त्या सकाळपर्यंत साचा कुणी उघडलाच नव्हता.

आई ओव्हनमधून नुकताच काढलेला रूबार्ब-पाय घेऊन आली, आंबट देठांच्या गोड सारणाचा. आम्ही दोघं साच्यात काय बघत बसलोय, असं तिने विचारलं. काकांनी सांगितलं. तिने वाकून तो ठिपका पाहिला.

"एल्डन असता तर आधी स्वतःलाच शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "काढ ते. आणि रूबार्ब-पाय गरम आहे तोवर खा."

मी साचा तापवला आणि कोरड्या लाकडी काडीने पुसला. ठिपका मऊ होऊन काडीला आला. तो भांड्यात झटकला. क्षणभर वेगळा चमकला, मग बाकीच्या शिशात मिसळला.

पुढच्या गोळीचं बूड सपाट निघालं. बाबा ज्यावर बूड तपासायचे त्या काचेच्या तुकड्यावर ती उभी केली. डुगडुगली नाही.

सामन्यात सगळी छिद्रं मुठीखाली झाकतील इतकी जवळ पडली. एकच दूर, कागदाच्या कोपऱ्यात. ती आईची गोळी. बंदूक तिने आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतली होती.

"हा दोष गोळीचा नाही हं," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"नाहीच," आई म्हणाली. "मला त्या गर्दीत जायचंच नव्हतं."

कागद आता भिंतीवर आहे. तो ठिपका कुठल्या गोळीत गेला, कुणास ठाऊक. मी आपली आईच्याच गोळीत गेला असं धरून चालते.