टबाच्या मोटरीचा नारळ

शहापूरजवळच्या फार्महाऊसवर गरम पाण्याचा टब चालू केला की ब्रेकर पडायचा. "टब चालल्याशिवाय गेट उघडणार नाही," शेठ म्हणाला. मी वायरमन, की कोंडवाड्यातलं ढोर?

हीटरची वायर सोडवली, तरी ब्रेकर पडला. मोटरीची सोडवली, तेव्हा टिकला. मोटरीचं झाकण काढलं, तर वायरींवर मुंग्याच मुंग्या आणि हळद-कुंकवाचा चिकट राडा. दसऱ्याला कुणीतरी मोटरीची पूजा करून वर नारळाचं पाणी ओतलं होतं. कुणी, ते विचारायला नको. इथं धुणीभांडी माझीच आई करते.

सगळं पुसून, उन्हात वाळवून जोडलं. टब घुरघुरायला लागला.

"कुणी बिघडवला, सांग. आजच हाकलतो," शेठ म्हणाला.

"वायर सैल होती."

शेठनं किल्ली काढली. तेवढ्यात आई नारळ घेऊन आली. "चालू झाला ना रे? थांब, फोडते."

"आये, दगडावर फोड."

"मशीनचा नारळ दगडावर? असा नाय फोडत."

"मावशी बरोबर बोलतात," शेठ हसला आणि त्यानं गेट उघडलं.

आई नारळ घेऊन मोटरीकडे निघाली. मी हत्यारांची पिशवी परत खाली ठेवली.